खोटी ठरलेली माहिती लोकांच्या डोक्यातून का जात नाही?

खुलासा पोहोचत नाही म्हणून, असं आपण धरून चालतो. पण तेवढंच नसतं. १९९४ मध्ये जॉन्सन आणि सायफर्ट या मानसशास्त्रज्ञांनी काही जणांना गोदामाच्या आगीची हकीकत वाचायला दिली. आधी सांगितलं, सामानाच्या खोलीत ऑइल पेंट आणि गॅस सिलिंडर होते; नंतर सांगितलं, खोली रिकामीच होती. दुरुस्ती लक्षात होती, तरी 'एवढा धूर कशाने?' म्हटल्यावर अनेकांचं उत्तर पेंटच! कारण काढून घेतलं की गोष्टीत भोक पडतं, आणि मनाला ते खपत नाही. त्यांच्याच अभ्यासात जाळपोळ हे दुसरं कारण पुढे केल्यावर पेंटचं नाव बरंच मागे पडलं.