पाटी नसलेले गाव

प्रश्न : माझी मुलगी इंग्लंडमधील एका खेड्यात राहते. तिच्या शेजारच्या आजी सांगतात की, त्यांच्या लहानपणी गावाच्या नावाची पाटीच नव्हती. हे खरे असेल का?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : आजींची आठवण विश्वासार्ह आहे. १९४० मध्ये जर्मन सैन्य उतरण्याच्या भीतीने ब्रिटनमधील रस्त्यांवरचे दिशादर्शक फलक आणि अनेक रेल्वे स्थानकांची नावे काढून टाकली गेली, जेणेकरून शत्रूला आपण कोठे आहोत हे कळू नये. गावाचे नाव पुसले जाणे म्हणजे काय, हे आपल्या सीमाभागातील वाचकांना समजावून सांगावे लागणार नाही. मात्र तेथील कारण युद्धाचे होते आणि पाट्या पुढे परत लागल्या.

त्याआधी, सप्टेंबर १९३९ च्या आरंभी, बॉम्बहल्ल्यांच्या धास्तीने सुमारे १५ लाख लोक शहरांतून खेड्यांत हलवले गेले होते. त्यांत बहुसंख्य शाळकरी मुले होती. अंगावर नावाची चिठ्ठी, खांद्याला विषारी वायूपासून बचावाच्या मुखवट्याचा डबा आणि समोर अनोळखी घर. ही मुले कोणाकडे राहिली, हे आजींना अवश्य विचारावे. युद्धकाळात सुरू झालेले गोळ्या-चॉकलेटांचे रेशन तर युद्ध संपल्यावरही फेब्रुवारी १९५३ पर्यंत टिकले.

आठवणी पडताळायच्या असल्यास त्या परगण्याच्या अभिलेखागारात गावच्या शाळेची जुनी रोजनिशी मिळते का, ते मुलीने पाहावे. तुमच्या घरातही १९५६ ची राज्य पुनर्रचना लहानपणी पाहिलेले कोणी असेल, तर त्यांचेही बोलणे याच वर्षी लिहून घ्यावे.