आजोबांच्या अल्बममधले फक्त क्रिकेटचे फोटो ठेवावेत का?

तुमचे आजोबा आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर निवेदक होते. सामने, सहली आणि खेड्यांतले कार्यक्रम अशा फोटोंचे त्यांचे अल्बम घरात आहेत, पण जागा कमी आहे. म्हणून क्रिकेटपटूंसोबतचे फोटो काढून घ्यावेत आणि बाकीचे टाकावेत का, असं तुम्ही विचारलंय.

कृपा करून अल्बम मोडू नका. निवड करायचीच वेळ आली, तर आधी खेड्यातली पानं वाचवा.

मोठ्या सामन्यांचे फोटो वर्तमानपत्रांच्या छायाचित्रकारांनीही काढलेले असतात, ते कुठेतरी सापडतात. खेड्यातल्या रेडिओचं तसं नाही. पुणे केंद्र १९५३ साली सुरू झालं आणि १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये युनेस्कोच्या मदतीनं दीडशेच्या आसपास गावांत श्रोतामंडळांचा प्रयोग झाला. आठवड्यातून दोनदा गावकरी एकत्र जमायचे, शेती आणि गावाच्या प्रश्नांवरचा कार्यक्रम ऐकायचे आणि मग त्यावर चर्चा करायचे. टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूरथ यांनी मंडळ असलेली, नुसता रेडिओ असलेली आणि रेडिओ नसलेली गावं ताडून पाहिली. मंडळांच्या गावांत लोकांची माहिती ठळकपणे वाढलेली दिसली. १९५९ पासून हा उपक्रम देशभर गेला. अहवालात तक्ते आहेत, पण त्या खोलीत कोण कुठं बसलं होतं हे फोटोच दाखवतो.

अशाच एका निवृत्त निवेदकांचे अल्बम लावायला मी मदत केली होती. एका फोटोत टेबलावर रेडिओ, त्यावर क्रोशाचा रुमाल, शेजारी कंदील. पुढे फेटेवाली मंडळी मांडी घालून बसलेली. बायका मात्र दाराबाहेर, खांबाआड. तारीख कुठंच नव्हती. पण त्याच पानावर तीच मंडळी शेतात हुरडा खाताना दिसत होती आणि पुढच्या पानावर जत्रेतली कुस्ती होती. म्हणजे काम थंडीतलं! हुरड्याचा फोटो ‘घरगुती’ म्हणून वेगळा काढला असता, तर हा धागाच तुटला असता.

म्हणून आधी अख्ख्या पानाचा फोटो घ्या, मग एकेक फोटो ६०० डीपीआयवर (म्हणजे दर इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा. काळ्या पानांवर कोपऱ्यांत अडकवलेले फोटो अलगद निघतात. पाठीवरचा मजकूरही स्कॅन करा आणि फोटो परत तिथंच लावा. चिकट पानांच्या अल्बममधला फोटो ओढू नका, निघत नसेल तर पानासकटच स्कॅन करा. पाठीवर बॉलपेननं लिहू नका, मऊ पेन्सिल वापरा. अल्बम बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका. पावसाळ्यात तिथं ओल येते आणि मागोमाग कसर लागते.

आणि स्कॅनिंगच्याही आधी एक काम करा. आजी किंवा आजोबांचे कुणी सहकारी असतील, तर त्यांच्यासोबत पानं उलटा आणि फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवा. माणसांची आणि गावांची नावं नंतर सावकाश उतरवून घेता येतील.