‘त्यांना कुणी उतरायला सांगितलं नव्हतं’

प्रश्न : माझे मिस्टर रायगड जिल्ह्यातल्या एका केमिकल कंपनीत ठेकेदाराकडून सहा वर्षं ईटीपीवर, म्हणजे सांडपाणी शुद्ध करण्याच्या यंत्रणेवर, कामाला होते. वय ३४, पगार १८,०००. २६ सप्टेंबर २०२५ ला सकाळी टाकीतला गाळ काढायला उतरलेला हेल्पर खाली पडला. त्याला बाहेर काढायला हे उतरले. दोघंही गेले. पोलिसांनी अकस्मात मृत्यू म्हणून नोंद केली. कंपनी म्हणते, तो आमचा माणूस नाही, ठेकेदाराचा आहे. ठेकेदार म्हणतो, हेल्परला पाठवलं होतं, यांना कुणी उतरायला सांगितलं नव्हतं, ते स्वतःहून उतरले. तरी माणुसकी म्हणून चार लाख देतो, ५०० रुपयांच्या स्टॅम्पवर ‘कुणाविरुद्ध तक्रार नाही, पुढे काही मागणार नाही’ असं लिहून द्या. १५ डिसेंबरला तो परत येणार आहे. गावातले म्हणतात घेऊन टाक, कोर्टात जन्म जाईल. मुलगी आठ वर्षांची आहे, मुलगा चार. काय करू?

उत्तर : ताई, सही करू नका. कारणं पुढे सांगते, पण एवढं आधी मनाशी पक्कं करा. १५ तारखेला ठेकेदार आला तर त्याच्याशी एकट्या बोलू नका. भावाला नाहीतर दिराला शेजारी बसवा आणि ‘वकिलांना दाखवून सांगते’ एवढंच म्हणा. कागदाचा फोटो काढू दिला तर काढून ठेवा.

पंचनाम्याची प्रत पाठवलीत ते फार बरं केलंत. मी तो तीन-चारदा वाचला. टाकीच्या तोंडाशी मिळालेल्या वस्तूंमध्ये लिहिलंय : एक फावडं, दोन घमेली, एक प्लास्टिकची बादली, बादलीच्या कडीला बांधलेली अंदाजे वीस फूट नायलॉनची दोरी. यादी तिथेच संपते. म्हणजे दोरी होती, पण ती गाळाच्या बादलीला बांधलेली होती, माणसाला नव्हती. हवा खेळवायला ब्लोअर नाही, गॅस मोजायचं मीटर नाही, श्वासाचं उपकरण नाही, कमरेचा पट्टा नाही. हा पंचनामा पोलिसांनी केलाय, त्यावर पंचांच्या सह्या आहेत. तुमचं प्रकरण या दोन ओळींवर उभं राहतं. मूळ प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवा, कुणाच्या हाती देऊ नका.

आता ते वाक्य घेऊ : ‘कुणी उतरायला सांगितलं नव्हतं.’ अशा प्रकरणांत हे मी इतक्यांदा ऐकलंय की ऐकलं की संताप येतो. अपघाताच्या दिवशी लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ चं कलम ३६ विषारी वायू असू शकेल अशा टाकी, खड्डा, पाइप यांच्याबद्दल आहे. त्यात म्हटलंय की अशा जागेत कुणालाही उतरायला लावायचं नाही आणि उतरू द्यायचंही नाही. आधी आतला वायू काढण्यासाठी शक्य ते सगळं करायचं. मग एकतर जाणकार माणसाने स्वतः तपासणी करून जागा सुरक्षित असल्याचा लेखी दाखला द्यायचा, नाहीतर उतरणाऱ्याच्या अंगावर श्वसनाचं उपकरण आणि दोरी बांधलेला पट्टा हवा, आणि त्या दोरीचं दुसरं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात हवं. ‘उतरू देणं’ हा शब्दच कायद्यात असल्यावर ‘आम्ही सांगितलं नव्हतं’ हा बचाव कुठे उरतो? त्या टाकीचं झाकण उघडं होतं, हेल्पर आत होता आणि वर त्याला ओढून काढायची काही सोय नव्हती. तुमच्या मिस्टरांनी शिस्त मोडली असं जे सांगितलं जातंय, ते खोटं आहे.

हा वायू कसा मारतो तेही सांगते, कारण ‘एवढा अनुभवी माणूस, त्याला कळू नये का’ असंही तुमच्या कानावर आलंय. ईटीपीच्या गाळात बहुतेकदा हायड्रोजन सल्फाइड साठतो. तो हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी बसतो. गाळ हलवला की मोकळा होतो. थोडा असताना सडलेल्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाकाची वास घ्यायची ताकदच जाते. माणसाला वाटतं वास गेला, आता ठीक आहे, आणि पुढच्या दोन-चार श्वासांत तो खाली बसतो. वरून बघणाऱ्याला वाटतं चक्कर आली. ज्याच्याबरोबर रोज डबा खातो तो असा पडलेला दिसला की माणूस उडी घेतो. अमेरिकेतल्या नायॉश या सरकारी संस्थेने १९८६ मध्येच नोंदवलं होतं की अशा बंदिस्त जागांतल्या मृत्यूंत साठ टक्क्यांहून जास्त माणसं वाचवायला गेलेली असतात. बाहेरच्या हातात दोरी त्यासाठीच असते, की दुसऱ्याला उतरावं लागू नये.

आणि वाचवायला गेलेल्या माणसाला कायद्याने वाऱ्यावर सोडलेलं नाही. कर्मचारी राज्य विमा अधिनियम, म्हणजे ज्याला आपण ईएसआय म्हणतो, त्याचं कलम ५१डी सांगतं : कामाच्या जागी संकट ओढवलं असताना, किंवा ओढवलंय असं वाटलं असताना, कुणाला वाचवण्यासाठी धडपडताना कामगाराला अपघात झाला तर तो कामामुळे आणि काम करतानाच झालेला अपघात मानायचा. हे कलम लिहून ठेवा, ईएसआय कार्यालयात बोलून दाखवायला उपयोगी पडेल.

पैशांकडे येऊ. तुम्ही पाठवलेल्या पगारपावतीत एक छोटी कपात आहे, १३५ रुपयांची. १८,००० चा पाऊण टक्का म्हणजे १३५. ती ईएसआयची वर्गणी आहे. महिना २१,००० पर्यंत पगार असलेल्या कारखान्यातल्या कामगाराला ही योजना लागू होते, ठेकेदाराच्या माणसालाही, आणि त्याची वर्गणी भरली जाते की नाही हे बघण्याची पहिली जबाबदारी मूळ कंपनीची असते. अशा मृत्यूत एकरकमी रक्कम नाही, दरमहा पेन्शन मिळते, सरासरी रोजच्या पगाराच्या ९० टक्के दराने. ढोबळ हिशेब केला तर महिन्याला १६,००० च्या आसपास. पत्नीचा वाटा तीन पंचमांश, प्रत्येक मुलाचा दोन पंचमांश. बेरीज पूर्ण दराच्या वर जाते म्हणून त्याच प्रमाणात कमी करून वाटतात : तुम्हाला सात हजारांच्या जरा खाली, प्रत्येक मुलाला साडेचार हजारांच्या जरा वर. मुलाला वयाच्या २५ पर्यंत, मुलीला लग्न होईपर्यंत, तुम्हाला हयातभर. पुनर्विवाह केलात तर फक्त तुमचा वाटा थांबतो. ठेकेदाराचे चार लाख म्हणजे या पेन्शनचे जेमतेम पंचवीस महिने. तुमचा मुलगा तेव्हा सहा वर्षांचाच असेल.

१३५ रुपये कापले पण भरलेच नाहीत, किंवा नोंदणी अपघातानंतर घाईघाईने केली, असं निघालं तर घाबरू नका. डिसेंबर २००२ च्या भारागाथ इंजिनिअरिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की वर्गणी देय होती ना, मग नोंदणी नंतर झाली म्हणून कामगार योजनेबाहेर जात नाही. ईएसआय महामंडळाने वारसांना द्यायचं आणि मालकाकडून वसूल करायचं. जवळच्या ईएसआय शाखा कार्यालयात फॉर्म १५ भरा, मृत्यूचा दाखला, शवविच्छेदन अहवाल, मुलांचे जन्मदाखले जोडा आणि मालकाने अपघाताचा फॉर्म १२ भरलाय का ते विचारा. मृत्यूपासून वर्षाच्या आत अर्ज करायचा असतो, पण तुम्ही याच महिन्यात करा. अंत्यविधीचे १५,००० वेगळे मिळतात.

काही कारणाने ईएसआय लागूच नाही असं ठरलं, तरच १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याने दावा होईल. दोन्हीकडून भरपाई घेता येत नाही. तिथला हिशेबही सांगते, म्हणजे कुणी फसवणार नाही : मासिक पगार कमाल १५,००० धरतात, त्याचा निम्मा ७,५००, गुणिले कायद्याच्या तक्त्यातला ३४ व्या वर्षाचा घटक १९९.४०, होतात १४,९५,५००. महिन्याभरात न दिल्यास वर उशिराचं १२ टक्के व्याज आणि ५० टक्क्यांपर्यंत दंड. त्या कायद्यात मृत्यूची भरपाई मालकाने कर्मचारी भरपाई आयुक्तांकडेच जमा करायची असते, घरी आणून दिलेले पैसे भरपाई म्हणून धरतच नाहीत. हक्क सोडल्याचा करारही रद्दबातल असतो.

मग कागदाला काही अर्थ नसताना ठेकेदार तो का मागतोय? कारण तो कागद दुसऱ्या दाराने वापरायचा असतो. निष्काळजीपणाने मृत्यू हा गुन्हा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) मध्ये आहे, शिक्षा पाच वर्षांपर्यंत. तो आपसात मिटवता येत नाही. पण वारसांनी ‘तक्रार नाही’ असं लिहून दिलं की ते प्रतिज्ञापत्र घेऊन उच्च न्यायालयात गुन्हा रद्द करा म्हणून अर्ज करता येतो. चार लाख त्या सहीचे आहेत. खरोखर माणुसकीने द्यायचे असतील तर विनाअट, सानुग्रह मदत म्हणून बँकेत भरा म्हणावं. तसे आले तर घ्या, त्यात कमीपणा नाही.

पोलिसांत आज फक्त अकस्मात मृत्यूची नोंद आहे, म्हणजे आरोपी कुणीच नाही. पंचनाम्यातल्या त्या दोन ओळींचा उल्लेख करून लेखी तक्रार द्या, पोच घ्या. पोलीस ठाण्याने गुन्हा नोंदवला नाही तर पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवा, तरी नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जायचं. तक्रारीत मागणी करा की त्या दिवशीचं सीसीटीव्ही, गेटचं रजिस्टर, मस्टर आणि टाकीत उतरण्याचं परमिट जप्त करावं. परमिटसाठी मी आग्रह का धरते ते ऐका. पूर्वीच्या एका खटल्यात परमिटवर गॅस तपासल्याची वेळ दुपारी दोन होती आणि माणूस सकाळी अकराला गेला होता. कागद नंतर तयार होतात. जितका उशीर, तितके ते नीट तयार होतात.

याहून घाईचं एक काम आहे, म्हणून ते तुम्हाला फोनवर आधीच सांगितलं. कारखाने अधिनियमाखालचा खटला फक्त कारखाना निरीक्षक किंवा त्यांच्या लेखी मंजुरीनेच भरता येतो आणि निरीक्षकांना गुन्हा कळल्यापासून तीन महिन्यांत भरावा लागतो. निरीक्षकांना अपघाताच्या दिवशीच कळलं असेल तर २६ डिसेंबरला मुदत संपते. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या तुमच्या विभागाच्या कार्यालयात स्वतः जा आणि लेखी विचारा : चौकशी झाली का, खटला भरला का. मृत्यू झाला असेल तर सूचना मिळाल्यापासून महिन्याभरात चौकशी करणं त्यांच्यावर बंधनकारक होतं. अहवालाच्या प्रतीसाठी दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्जही त्याच दिवशी द्या. या कायद्यात ठेकेदारामार्फत घेतलेला माणूसही ‘कामगार’ आहे, आणि कायद्यापुढे जबाबदार असतो तो कारखान्याचा ‘भोगवटादार’, म्हणजे कंपनीचा एक संचालक. ‘आमचा माणूस नाही’ हे तिथे चालत नाही.

एक गोष्ट सांगताना मला वाईट वाटतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यात सुरक्षेचे नियम मोडून मृत्यू झाला तर दंड किमान पाच लाख आहे, आणि त्यातला निम्मा किंवा जास्त भाग वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकतं. जुन्या कायद्यात, म्हणजे कारखाने अधिनियमात, किमान दंड २५,००० होता. तुमचा अपघात बरोबर आठ आठवडे आधीचा. गुन्ह्याची शिक्षा त्या दिवशीच्या कायद्यानेच होते, त्यामुळे तो लाभ तुम्हाला नाही. कुणी त्या पाच लाखांचं आमिष दाखवून फी मागितली तर देऊ नका.

कंपनीच्या संडासाचं पाणी त्याच टाकीत येत होतं का, हे शेजारच्या शिफ्टवाल्यांना विचारून मला कळवा. गटार किंवा सेप्टिक टँकमधला मृत्यू असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर २०२३ च्या निकालाप्रमाणे ३० लाखांच्या भरपाईचा प्रश्न येतो. निव्वळ कारखान्याच्या सांडपाण्याची टाकी असेल तर तो निकाल लावणं अवघड आहे, म्हणून आत्ताच आशा लावत नाही.

भविष्य निर्वाह निधीचे फॉर्म २०, १०डी आणि ५आयएफ भरायचे राहिले असतील. त्यातल्या शेवटच्या फॉर्मवर विम्याचे किमान अडीच लाख, कमाल सात लाख मिळतात. सहा वर्षांची ग्रॅच्युइटीही मागा. वकिलाच्या खर्चाची काळजी करू नका : महिलेला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे अर्ज करा.

पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की तो हेल्पर बावीस वर्षांचा होता, झारखंडचा, आणि त्याच्या घरून फक्त वडील येऊन गेले. त्यांच्याकडून सही घेतली गेली असण्याची मला भीती आहे. मिस्टरांच्या मोबाइलमध्ये त्या मुलाच्या घरचा नंबर असेल तर शोधा. त्याचाही पगार, त्याचंही ईएसआय, तोच पंचनामा. दोन्ही अर्ज एकत्र गेले तर कार्यालयाला एकाला दुसऱ्याविरुद्ध उभं करता येणार नाही. त्याच्या वडिलांना मराठी येत नसेल तर मी हिंदीत बोलेन, नंबर मला पाठवा.