बीई मेकॅनिकलला सीजीपीए ७.२ आहे. जर्मनीत सरकारी विद्यापीठात मास्टर्सला प्रवेश मिळेल का, की कन्सल्टंट म्हणतो तसं खासगीच घ्यावं? आणि जर्मन भाषा शिकावी लागेल का?

७.२ वर सरकारी विद्यापीठ मिळतं. कन्सल्टंट खासगीच का पुढे करतोय याचं कारण तुमच्या मार्कांत नाही, त्याच्या कमिशनमध्ये आहे. तुम्ही लिहिलंय की तो 'एक रुपयाही फी घेत नाही', बर्लिनच्या एका खासगी संस्थेचं ऑफर लेटर चार दिवसांत आणून देतो आणि तिथली वर्षाची फी १२ हजार युरो आहे. अहो, मग फी घेतोच की तो, फक्त संस्थेमार्फत घेतो. सरकारी विद्यापीठं एजंटला दलाली देत बसत नाहीत. म्हणून त्याच्या यादीत ती एकतर नसतात, नाहीतर 'बघू ट्राय करून' म्हणून तळाला असतात.

आमच्या नात्यातच एक गृहस्थ असली कन्सल्टन्सी चालवतात, त्यामुळे या विषयावर माझं डोकं जरा लवकर तापतं. त्यांची दोन ठरलेली वाक्यं आहेत: 'आठच्या खाली पब्लिक विसरा' आणि 'कोर्स इंग्रजीत आहे, जर्मन कशाला?' दोन्ही चूक आहेत. क्रमाने घेतो.

आधी आठचं. जर्मनीत ग्रेड उलटी चालते: १.० म्हणजे सर्वोत्तम, ४.० म्हणजे काठावर पास, ५.० म्हणजे नापास. परदेशी ग्रेड बदलायला बहुतेक विद्यापीठं सुधारित बव्हेरियन सूत्र वापरतात. कमाल ग्रेडमधून तुमची ग्रेड वजा करा, त्याला 'कमाल वजा पास होण्याची किमान ग्रेड' याने भागा, ३ ने गुणा, १ मिळवा. तुमचं गणित: १० वजा ७.२ म्हणजे २.८. तुमच्या विद्यापीठात पासची किमान ग्रेड ४ असेल तर २.८ भागिले ६, गुणिले ३, अधिक १, म्हणजे २.४. किमान ग्रेड ५ असेल तर तेच ७.२ होतात २.६८. बऱ्याच कोर्सेसची अट '२.५ किंवा त्याहून चांगली' अशी असते. म्हणजे तुमच्या प्रवेशाचा निकाल मार्कशीटच्या मागे बारीक अक्षरात छापलेल्या ग्रेडिंगच्या तक्त्यावर लागू शकतो, आणि नेमकं तेच पान स्कॅन करायचं मुलं विसरतात. मागची बाजू कोरी असेल तर परीक्षा विभागाकडून ग्रेडिंग पद्धतीचं सही-शिक्क्याचं पत्र घ्या. त्यात कमाल आणि किमान-पास हे दोन्ही आकडे स्पष्ट हवेत. आणि सीजीपीएचे टक्के करून अर्जात लिहू नका. टक्क्यांची किमान-पास वेगळी असते, दोन्ही एकत्र झालं की तपासणाऱ्याला जे सोयीचं ते तो धरतो.

पण खरी माशी शिंकते ती ग्रेडवर नाही, विषयांच्या जुळणीवर. नऊ सीजीपीएवाल्यांनाही नकार येतो तो बहुतेक वेळा यामुळेच, आणि घरी सांगितलं जातं की 'कॉम्पिटिशन फार होती'.

प्रत्येक मास्टर्सचे प्रवेशनियम विभागाच्या साइटवर पीडीएफमध्ये असतात, बहुतेकदा फक्त जर्मनमध्ये. त्यात लिहिलेलं असतं की अर्जदाराच्या पदवीत अमुक विषयाचे अमुक ईसीटीएस क्रेडिट हवेत. ईसीटीएस म्हणजे अभ्यासाच्या तासांचं माप: एका क्रेडिटला २५ ते ३० तास, सेमिस्टरला ३०, वर्षाला ६०. समजा अट आहे गणित २० आणि मेकॅनिक्स २०. तुमची पदवी १६० क्रेडिटची आणि ४ वर्षांची असेल तर ४ गुणिले ६० म्हणजे २४० ईसीटीएस. म्हणून तुमच्या एका क्रेडिटला १.५, असं साधारण गणित धरलं जातं. आता एम-१, एम-२, एम-३ हे गणिताचे पेपर प्रत्येकी ४ क्रेडिटचे असतील तर १२ गुणिले १.५ म्हणजे १८. दोन कमी पडले. अर्ज बाद.

पण तुम्ही तिसऱ्या वर्षाला न्यूमेरिकल मेथड्स केलेलं असतं, ३ क्रेडिटचं, म्हणजे ४.५ ईसीटीएस. ते गणितात धरलं की २२.५ होतात. मार्कशीटवर ते 'कम्प्युटर एडेड' अशा कुठल्यातरी लांबलचक नावाखाली दडलेलं असेल तर तपासणारा प्राध्यापक स्वतःहून ते गणितात टाकणार नाही, तुम्हालाच दाखवून द्यावं लागतं. त्यासाठी तक्ता करा: डाव्या रकान्यात त्यांची अट, मग तुमचा विषय मार्कशीटवर आहे तसाच्या तसा, सेमिस्टर, तुमचे क्रेडिट, त्यांचे ईसीटीएस, आणि शेवटी अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेतला पान क्रमांक. पुस्तिकेतली ती पानं विभागप्रमुखांच्या शिक्क्याने जोडा. काही विद्यापीठं या तक्त्याचा स्वतःचा फॉर्म देतात. दिला असेल तर तोच भरा. एक विषय दोन रकान्यांत टाकायची हुशारी करू नका, ती लगेच पकडली जाते. आणि २० पैकी १८ भरले तर काही ठिकाणी 'राहिलेले विषय पहिल्या वर्षात करा' अशा अटीवर प्रवेश मिळतो. ती सोय नियमांत आहे का, हे आधी बघा. हे सगळं कन्सल्टंट करत नाही. एका कोर्सला बसून दोन संध्याकाळी जातात, आणि त्याला दिवसाला दहा मुलं उरकायची असतात.

कोर्स निवडताना आणखी एक गोष्ट. जागा मर्यादित असलेले कोर्स वेगळे आणि खुले कोर्स वेगळे. खुल्या प्रकारात अटी पूर्ण केल्या की जागा मिळते, रँक वगैरे काही नाही. ७.२ वाल्याने यादीतले निम्मे कोर्स यातलेच ठेवावेत. आपल्याकडे सगळे आखेन, म्युनिक, कार्ल्सरुह करत टीयू-९ (नऊ मोठ्या तांत्रिक विद्यापीठांचा गट) च्या मागे लागतात, जणू ती तिथली आयआयटी. माग्डेबुर्ग, केमनिट्झ, झीगन इथली सरकारी विद्यापीठं पाहा, आणि फाखहोखशुले, म्हणजे उपयोजित शिक्षणाची सरकारी महाविद्यालयं, पाहा. त्यांच्या मास्टर्सला कायद्याने विद्यापीठाच्या मास्टर्सइतकीच किंमत आहे, शिकवण्यात प्रात्यक्षिकावर जास्त भर असतो आणि प्राध्यापक उद्योगातून आलेले असतात. पुढे पीएचडी करायची असेल तर विद्यापीठ घ्या, नोकरी करायची असेल तर मला तरी फरक दिसत नाही.

तारखांचं थोडक्यात. हिवाळी सत्र ऑक्टोबरला सुरू होतं, फाखहोखशुलेत बऱ्याचदा सप्टेंबरला. साइटवर ठळक दिसणारी १५ जुलै ही तारीख पुष्कळदा जर्मन पदवीवाल्यांची असते. युरोपाबाहेरच्यांची त्याच पानावर खाली वेगळी दिलेली असते. आखेनची १ मार्च, म्युनिक तांत्रिक विद्यापीठात बऱ्याच कोर्सेसना ३१ मे. जिथे अर्ज युनि-असिस्टमार्फत (विद्यापीठांसाठी परदेशी अर्ज तपासणारी संस्था) जातो तिथे पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि त्याच सत्रातल्या पुढच्या प्रत्येकाला ३० लागतात. पैसे पोचेपर्यंत ते फाइल उघडत नाहीत, त्यामुळे शेवटच्या दिवशी अपलोड करून उपयोग नाही, तपासणीला काही आठवडे धरा. एपीएस प्रमाणपत्र (तुमची शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याची तपासणी) नोव्हेंबर २०२२ पासून भारतीयांना व्हिसासाठी बंधनकारक आहे, फी १८ हजार रुपये. आता विद्यापीठंही अर्जासोबतच ते मागतात. म्हणून सगळ्यात आधी ते करा, गर्दीच्या महिन्यांत ते रखडतं.

पैशांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण 'फुकट' या शब्दाला भुलू नका. सप्टेंबर २०२४ पासून ब्लॉक्ड अकाउंटला (राहण्याच्या खर्चाची रक्कम आधीच अडकवून ठेवायचं खातं) वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. युरो १०० रुपयांना धरला तर १२ लाखांच्या जवळ. हे पैसे तुमचेच, महिन्याला ९९२ युरो याप्रमाणे तुम्हालाच परत मिळतात. कर्ज न काढता वर्षात १० लाखांवर रक्कम पाठवली की वरच्या भागावर टीसीएस, म्हणजे बँकेने आधीच वसूल केलेला कर, कापला जातो. तो विवरणपत्र भरताना वळता करून घ्या. सरकारी विद्यापीठात शिक्षणशुल्क नाही म्हणतात ते बहुतांशी खरं, पण बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात २०१७ च्या हिवाळी सत्रापासून युरोपाबाहेरच्यांना सेमिस्टरला १,५०० युरो आहेत. म्युनिक तांत्रिक विद्यापीठात २०२४ च्या हिवाळी सत्रापासून मास्टर्सला सेमिस्टरमागे ४ ते ६ हजार. बाकी बहुतेक ठिकाणी फक्त सेमिस्टरची वर्गणी.

एका सापळ्याबद्दल सांगायलाच हवं. तिशीच्या आतल्या विद्यार्थ्याला सरकारी आरोग्य विमा सवलतीत मिळतो, तरी महिन्याला दीडशे युरोच्या आसपास जातातच. मग कोणीतरी स्वस्तातली खासगी पॉलिसी गळ्यात मारतो. ती घेताना सरकारी विम्यातून सूट मागावी लागते, आणि एकदा सूट घेतली की शिक्षण संपेपर्यंत सरकारी विम्यात परत येता येत नाही. दात दुखायला लागल्यावर हे कळून उपयोग नाही.

पार्टटाइमच्या भरवशावर कर्जाचं गणित बसवू नका. मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं आणि जानेवारी २०२६ पासून किमान वेतन तासाला १३.९० युरो आहे. कागदावर छान दिसतं. पहिल्या सेमिस्टरला मात्र काम मिळेल असं धरूच नका, कारण तिथली परीक्षा.

परीक्षा ही बाब आपल्याकडे कोणी नीट सांगत नाही. वर्गात हजेरी नाही, इंटर्नल नाहीत, तोंडी परीक्षेला सांभाळून घेणारे सर नाहीत. बहुतेक विषयांत शेवटचा एक पेपर म्हणजे १०० टक्के ग्रेड. पेपरला बसायला पोर्टलवर ठरावीक मुदतीत नाव नोंदवावं लागतं. वर्षभर लेक्चरला बसलात आणि नोंदणी राहिली तर पेपर नाही. नाव काढून घेण्याचीही मुदत असते. ती उलटल्यावर गैरहजर राहिलात आणि डॉक्टरचा दाखला दिला नाहीत तर ५.०, म्हणजे एक प्रयत्न गेला. बहुतेक ठिकाणी विषयाला ३ प्रयत्न असतात. सक्तीच्या विषयात तिसऱ्यांदा नापास झालात की विद्यापीठ नाव काढून टाकतं, आणि त्याच कोर्सला जर्मनीत दुसरीकडेही प्रवेश मिळत नाही. मग ज्या शिक्षणासाठी व्हिसा होता तेच उरत नाही. म्हणून पहिल्या सेमिस्टरला ३० क्रेडिट भरायचा हट्ट नको, २० ते २५ चे पेपर द्या आणि अवघड विषयाचा पहिला प्रयत्न 'बघू काय येतं' म्हणून जाळू नका. जुने पेपर विद्यार्थी संघटनेकडे मिळतात, जाऊन मागा.

आता गृहस्थांचं दुसरं वाक्य. कोर्स इंग्रजीत आहे हे खरं, पण ज्या पीडीएफमध्ये हे प्रयत्नांचे नियम लिहिलेत ती जर्मनमध्ये आहे आणि कायद्याने तीच ग्राह्य. परदेशी नागरिक कार्यालयाची पत्रं जर्मनमध्ये येतात. पिवळ्या पाकिटातून आलेल्या सरकारी पत्रावर पोस्टमन तारीख टाकून जातो, हरकतीची मुदत त्या तारखेपासून मोजली जाते, तुम्ही भाषांतर करून घ्याल तेव्हापासून नाही. मेकॅनिकलच्या वेर्कश्टुडेंट (शिकता शिकता कंपनीत अर्धवेळ काम) जागांच्या जाहिराती वाचा, बहुतेक ठिकाणी चांगलं जर्मन मागतात. आयटीत थोडी ढील आहे, मशिनच्या धंद्यात नाही. मध्यम आकाराच्या कारखान्यात फोरमन तुमच्याशी इंग्रजीत बोलणार नाही. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. ते ए-१ (जर्मनची पहिली पायरी) वर घालवणारे लोक मग म्हणतात की जर्मनीत नोकऱ्या नाहीत. निघण्यापूर्वी बी-१ (तिसरी पायरी) करा. पुण्यात मॅक्स म्युलर भवन आहे, रानडे इन्स्टिट्यूट आहे, एवढी सोय असलेल्या शहरातून कोणी जर्मनचा गंध नसताना जावं याचं मला नवल वाटतं. (तुम्ही पुण्याचे नसाल तर ऑनलाइन वर्ग आहेतच.)

दोन गोष्टी राहिल्या. खासगी म्हणजे सगळं बोगस, असं मी म्हणत नाही. काही संस्था चांगल्या आहेत. पण राज्याची मान्यता आहे का आणि ॲनाबिन या सरकारी यादीत 'एच प्लस' (म्हणजे मान्यताप्राप्त) आहे का, हे स्वतः तपासा. कोर्सचा मोठा भाग ऑनलाइन असेल तर व्हिसाला अडचण येते, कारण घरबसल्या शिकायला जर्मनीत राहायची गरजच काय, असं विचारलं जातं. शिवाय वर दिलेले आकडे बदलतात, अर्जाच्या वेळी पुन्हा पाहा.

आणि बर्लिनच्या त्या ऑफरचं ॲडव्हान्स अजून भरलं नसेल तर थांबा. भरलं असेल तर करारातलं परताव्याचं कलम आज वाचा: व्हिसा नाकारला तरच पैसे परत, की तुम्ही स्वतः माघार घेतली तरी, आणि कुठल्या तारखेपर्यंत.