यूट्यूबचा आवाज वाढवला की लिनक्सवर अख्ख्या मशीनचाच आवाज 100 टक्के का होतो?

लिनक्सवर आवाज सांभाळणाऱ्या पल्सऑडिओ या प्रोग्रॅममधलं ‘फ्लॅट व्हॉल्यूम्स’ चालू आहे, ते बंद करा. ते चालू असलं की सगळ्यात मोठ्या आवाजाच्या अ‍ॅपमागे मुख्य आवाजही वर सरकतो. इअरफोन घातला असेल तर कानच बसतात. ‘डीमन डॉट कॉन्फ’ फाइलमध्ये त्या नावाची ओळ आहे. तिथे ‘यस’चं ‘नो’ करा, आणि ओळीच्या सुरुवातीचा अर्धविराम पुसा, नाहीतर ती नुसती कॉमेंट, म्हणजे प्रोग्रॅम वाचत नाही अशी टीप, राहते. सांगलीत विश्रामबागच्या एका लॅबची मशीन मी बघतो, तिथे हाच अर्धविराम दोनदा नडला. मग रीस्टार्ट. मात्र टर्मिनलवर ‘पॅक्टल इन्फो’ (pactl info) दिल्यावर पाइपवायरचं, म्हणजे पल्सऑडिओच्या जागी आलेल्या प्रोग्रॅमचं, नाव दिसलं, तर ही फाइल वाचलीच जात नाही. फेडोरा या लिनक्सच्या प्रकारात 34व्या आवृत्तीपासून, म्हणजे 2021 पासून, तेच येतं.