मिशनच्या शाळेचा इतिहास लिहायचाय? आधी दाखलखारीज उघडा

भाऊ, विदर्भातल्या तुमच्या तालुक्यातल्या कॅथलिक मिशनच्या मुलांच्या हायस्कूलची स्मरणिका निघतेय, इतिहासाचा लेख तुमच्या गळ्यात पडलाय आणि स्थापनेच्या वर्षावरून समितीत जुंपली आहे. एक गट म्हणतो शाळा इंग्रजांनी काढली, दुसरा म्हणतो केरळच्या फादरांनी. मी अशाच एका शाळेत नोकरी केली, निवृत्तीनंतर तिच्या स्मरणिकेचं कामही पाहिलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एकच वर्ष शोधत बसाल तर भांडण मिटणार नाही. तीन शोधा: चौथीपर्यंतची शाळा किंवा बोर्डिंग कधी सुरू झालं, हायस्कूलला मान्यता कधी मिळाली आणि मॅट्रिकची पहिली बॅच कधी बसली. खेड्याकडच्या पुष्कळ मिशन शाळा अशाच टप्प्याटप्प्यानं वर चढल्या. तिन्ही वर्षं छापा, मग शताब्दी कोणत्या वर्षावरून धरायची ते समिती ठरवेल.

आता इंग्रजांचं. नागपूरकडे कॅथलिक मिशनचं काम रुजवलं ते संत फ्रान्सिस द सेल्सच्या नावानं चालणाऱ्या फादरांच्या संघानं. फादर मेर्मिये यांनी १८३८ मध्ये आल्प्सच्या पायथ्याशी अ‍ॅनसी गावात तो स्थापला. १८४५ मध्ये त्यांची माणसं भारतात आली. त्यांचं मुख्य ठाणं विशाखापट्टणम, आणि तिथून कारभार थेट नागपूरजवळच्या कामठीच्या लष्करी छावणीपर्यंत. आपण त्यांना सरसकट ‘फ्रेंच फादर’ म्हणतो, पण अ‍ॅनसी ज्यात येतं तो साव्हॉय प्रांत फ्रान्समध्ये गेला तो १८६० साली! १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, १८७० मध्ये नागपुरात त्यांची सेंट फ्रान्सिस द सेल्स शाळा उभी राहिली आणि १८८७ मध्ये नागपूरचा स्वतंत्र धर्मप्रांत, म्हणजे एका बिशपच्या हाताखालचा भाग, झाला. इंग्रज सरकारचा हात मान्यता आणि अनुदानापुरता. गोरा माणूस दिसला की आपल्याकडे तो इंग्रजच ठरतो, त्यातली ही गत.

केरळवाला गटही अगदी चुकीचा नाही, फक्त जिल्हा कोणता ते बघा. चांद्याचा (आजच्या चंद्रपूरचा) भाग १९६२ मध्ये नागपूरपासून वेगळा काढून केरळच्या सीएमआय या संघाच्या फादरांकडे सोपवला गेला. त्यामुळे तिकडच्या शाळा बहुतेक त्यांनीच वाढवलेल्या. वऱ्हाडासाठी अमरावतीचा धर्मप्रांत १९५५ चा. म्हणजे तुमची शाळा वऱ्हाडातली असेल तर त्याआधीच्या कागदांसाठी नागपूरच्या बिशप हाऊसलाही पत्र टाका. जुना पत्रव्यवहार फ्रेंचमध्ये आणि बाप्तिस्म्याच्या नोंदी लॅटिनमध्ये निघाल्या तर घाबरू नका, तारखा आणि गावांची नावं वाचता येतात.

खरा ऐवज मात्र शाळेतच आहे: दाखलखारीज रजिस्टर, म्हणजे मुलांच्या प्रवेशाची आणि शाळा सोडल्याची नोंदवही. जात पडताळणीसाठी आज्या-पणज्यांची नोंद काढायला लोक येत राहतात, म्हणून बाकी सगळं वाळवीनं खाल्लं तरी हे एक रजिस्टर कापडात बांधून कपाटात जपलेलं असतं. हेडमास्तरांची लेखी परवानगी घ्या, क्लार्कच्या शेजारी बसा आणि सावकाश पानं उलटा. बापाचा धंदा, गाव, मागची शाळा, शाळा सोडल्याचं कारण, असे रकाने वाचत जा. आमच्याकडे कारणाच्या रकान्यात ‘सतत गैरहजर’ हा शेरा किती वेळा आला, आणि तोही कापूस वेचणीच्या दिवसांत, हे पाहून मीच थक्क झालो. धर्माच्या रकान्यात १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर ‘बौद्ध’ ही नोंद कधीपासून येते तेही पहा. ख्रिश्चन पोरं आमच्या शाळेत मूठभरच होती. तुमच्याकडे किती होती ते मोजून लिहा, म्हणजे धर्मांतराच्या गप्पांना परस्पर उत्तर मिळेल. मात्र कुणाचं नाव जातीसकट छापू नका. आकडे द्या, नावं नकोत.

परंपरांबद्दल लिहिताना ‘शिस्त, सेवा, संस्कार’ असलं काही लिहू नका हो, ते प्रत्येक शाळेच्या भिंतीवर असतं. फीस्टपासून, म्हणजे शाळा ज्या संताच्या नावाची त्याच्या सणापासून, सुरुवात करा. शाळा संत फ्रान्सिस द सेल्सच्या नावाची असेल तर फीस्ट २४ जानेवारीला. जुन्या फोटोमागे २९ जानेवारी दिसली तर ती चूक समजू नका. चर्चचं पंचांग १९६९ मध्ये बदललं, त्याआधी सण २९ लाच असे. तारीख बदलल्यावर फीस्ट प्रजासत्ताक दिनाला चिकटली. मग गॅदरिंग, खेळ, मार्चपास्ट आणि २६ ची लेझीम हे सगळं आमच्याकडे एकाच आठवड्यात कोंबलं जायचं. त्या आठवड्यात गणिताचा तास होणं म्हणजे चमत्कारच! हे संत लेखक-पत्रकारांचे आश्रयदाते मानले जातात, त्यामुळे भित्तिपत्रक काढायला आमचे फादर भारी उत्साही असत.

प्रार्थनेचा विषय निघेलच. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत संमतीशिवाय कुणाला धर्मशिक्षणाला बसवता येत नाही, हे घटनेच्या कलम २८ मध्येच आहे. आमच्याकडे ख्रिश्चन मुलं त्या तासाला चर्चच्या खोलीत जात आणि बाकीचे मूल्यशिक्षणाला बसत.

मुलींना प्रवेश सुरू झाला असेल तर ते साल ठळक लिहा, त्याला अर्धं पान तरी द्या. पूर्वी धाकटी बहीण आठ-दहा कोस लांब शिकायला जायची नाही, घरीच राहायची. तिच्या दृष्टीनं स्थापना वर्ष तेच.

मुलाखतींसाठी डॉक्टर-इंजिनियर झालेले माजी विद्यार्थी आपोआप सापडतात, ते स्वतःच फोन करतात. तुम्ही आधी बोर्डिंगची स्वयंपाकीण, घंटा देणारा शिपाई आणि नापास होऊन शेती करणारे दोन-चार जण गाठा. मार्च-एप्रिलच्या सकाळच्या शाळेत जाऊ नका, तेव्हा ऑफिसात परीक्षेची गर्दी असते. विदर्भातल्या शाळा जूनअखेर उघडतात, त्याआधीचा आठवडा बरा. शिक्षक आलेले असतात, पोरं नसतात आणि क्लार्कला कपाट उघडायला सवड असते.