प्रोफेशनल व्हिडिओ उपकरणांत एफपीजीए (आतलं सर्किट नंतरही बदलता येणारी चिप) का वापरतात? तयार चिप किंवा जीपीयू (ग्राफिक्स प्रोसेसर) स्वस्त पडत नाही का?

तयार चिप स्वस्त पडतेच. पण उपकरण गिऱ्हाइकाकडे पोहोचल्यावर काय होतं, ते बघा.

पुण्यातल्या एका कंपनीत आम्ही ओबी व्हॅनसाठी, म्हणजे मैदानावरून थेट प्रक्षेपण करणाऱ्या गाडीसाठी, चित्राचे रंग सुधारणारा कलर करेक्टर बनवत होतो. कॅमेरा आणि स्विचर (कुठल्या कॅमेऱ्याचं चित्र दाखवायचं ते निवडणारं यंत्र) यांच्या मधे बसणारा बॉक्स, इनपुट ३जी-एसडीआय, म्हणजे केबलवरून व्हिडिओ पाठवायचं प्रोफेशनल मानक. साहेबांचं म्हणणं, डिझाइन जेमतेम बसेल तेवढी छोटी एफपीजीए घ्या. मी मोठीसाठी अडून बसले. "हिला कंपनीच्या पैशाची पर्वा नाही" हे भर मीटिंगमध्ये ऐकून घेतलं, पण मोठीच घ्यायला लावली.

पुढे एका मॅचच्या आदल्या संध्याकाळी व्हॅनमधून फोन आला. भाड्याने आणलेल्या कॅमेऱ्यांचं चित्र आमच्या बॉक्समधून काळं येत होतं, सिग्नल मात्र ठणठणीत. ३जी-एसडीआयवर चित्र दोन पद्धतींनी जातं, लेव्हल ए आणि लेव्हल बी. ते कॅमेरे बी पाठवत होते. लेव्हल एमध्ये १०८०पी५० (१०८० ओळी, सेकंदाला ५० पूर्ण फ्रेम) चित्राच्या ओळी एकामागून एक येतात. बीमध्ये एकाआड एक ओळी दोन प्रवाहांत वाटून, ते प्रवाह गुंफून पाठवतात. साहेबांनी सही केलेल्या स्पेसिफिकेशनमध्ये फक्त ए होतं. बी उलगडायला दोन-तीन ओळींची मेमरी लागते, ती चिपमध्ये रिकामी होती. रात्रभर बसून व्हेरिलॉग (सर्किट लिहायची भाषा) लिहिलं, पहाटे टायमिंग जमलं, म्हणजे सर्किट हव्या वेगाने चालेल हे पक्कं झालं, फाइल मेल केली. व्हॅनमधल्या मुलांनी ती नेटवर्कवरून चढवली. बॉक्स उघडायचीही गरज पडली नाही. मॅच वेळेवर सुरू झाली. फक्त ए समजणारी तयार चिप असती, तर नवा बोर्डच करावा लागला असता.

जीपीयूचं म्हणाल, तर १०८०पी५० ची एक ओळ साधारण १७.८ मायक्रोसेकंदांची. एफपीजीए काही ओळींतच रंग सुधारून चित्र पुढे सोडते. जीपीयूकडे सहसा आधी अख्खी फ्रेम जमवतात, म्हणजे तिथेच २० मिलिसेकंद गेले. लाइव्ह साखळीत असे पाच बॉक्स आले की ओठ आणि आवाज यांचा मेळ तुटतो.

अर्थात, फाइलवर एडिटिंग करायचं असेल तर जीपीयूच घ्या. लाखांनी माल खपणार असेल तर स्वतःची एसिक (एकाच कामासाठी खास बनवून घेतलेली चिप) परवडते. एफपीजीएवर एकेका कंपाइलला तास जातात, हेही धरून चला.

पण घेणार असाल तर निदान तिसरा हिस्सा रिकामा राहील अशी घ्या. बजेटवरून कुणी अडवलंच, तर एकाच पॅकेजमध्ये लहान-मोठ्या चिपा मिळतात अशी फॅमिली निवडा आणि बोर्ड दोन्हींना चालतील अशाच पिना धरून करा, म्हणजे पुढे मोठी बसवता येईल.